खेळाडूची टोपी : असली कोणती, नकली कोणती आणि कोणत्या सालची?

डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे बॉनहॅम्स या लिलावगृहाने एक लोकरी टोपी विकली. टोपी उन्हाने विटलेली, किड्यांनी खाल्लेली, पुढच्या छपराची कड विसविशीत झालेली. खर्चासह तिची किंमत झाली ४ लाख ७९ हजार ७०० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले अडीच कोटी रुपयांहून जास्त. टोपी डॉन ब्रॅडमन यांची होती, भारताविरुद्धच्या १९४७-४८ च्या मालिकेतली. याच दौऱ्यात आपल्या विजय हजारे यांनी अ‍ॅडलेडला एकाच कसोटीत दोन शतके ठोकली होती.

त्या दौऱ्यावर महाराष्ट्राचे रंगा सोहोनीही होते. ब्रॅडमन यांनी आपली एक टोपी त्यांनाही भेट दिली होती. ती टोपी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुलपात राहिली आणि जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिलावाला आली. तिच्या आत ब्रॅडमन आणि सोहोनी अशी दोन्ही नावे आहेत.

जिथे एवढा पैसा, तिथे नकली माल आलाच. वैरागसारख्या गावात बसून कापड विकणाऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की टोपी म्हणजे शेवटी कापड, अस्तर, दोरा आणि भरतकाम. या चार गोष्टींची पारख आपल्या शिंपी, जरीवाले आणि व्यापारी बांधवांना आहे.

अशी टोपी समोर आली की तीन सवाल वेगवेगळे विचारावेत. माल असली आहे काय? कोणत्या सालचा आहे? आणि खेळाडूने तो मैदानात डोक्यावर घातला होता काय? दलाल मंडळी पहिल्या सवालाचा जवाब देऊन तिसऱ्याचे दाम मागतात. घोटाळा तिथेच होतो.

सुरुवात दोऱ्यापासून करावी. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, आणि बाजारात त्याचा माल आला तो १९५० नंतर. म्हणून १९४७ ची म्हणून दाखवलेली टोपी पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेली निघाली, तर ती एक तर नकली आहे किंवा मागाहून दुरुस्त केलेली. मालकाच्या परवानगीने आतल्या शिवणीतला सुटलेला धागा घेऊन जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. सुताला कागद जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कात्री मात्र टोपीला लावू नये.

नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आता बऱ्याच गल्ल्यांवर असतो. अंधारात तो अस्तरावर धरावा. पांढरेपणासाठी जी रसायने कापडात आणि धुण्याच्या पावडरीत घालतात, ती या दिव्याखाली निळसर चमकतात. त्यांचा सर्रास वापर १९५० च्या सुमारास सुरू झाला. पण जुनी टोपीही नंतर कोणी पावडरीने धुतली असेल तर चमकेल. म्हणून एकट्या दिव्यावर फैसला करू नये.

भरतकाम नेहमी उलट्या बाजूने पाहावे. हातकामात गाठी दिसतात, धागा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो, टाके थोडे लहानमोठे पडतात. संगणकी मशीनच्या कामात मागे एकसारखा बारीक दोरा आणि चिकटवलेले कडक अस्तर असते. चांदीच्या तारेची खरी जरी काळवंडते. प्लॅस्टिकची जरी काळी पडत नाही, तिचा मुलामा सुटतो. हे सोलापूरच्या कोणत्याही जरीवाल्याला सांगावे लागत नाही.

जुन्या ऑस्ट्रेलियन टोप्यांवर मालिकेचे सालच भरलेले असे, कारण त्या काळी खेळाडूला मालिकेगणिक नवी टोपी मिळे. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या टोप्यांना आणखी खुणा आहेत. त्यांच्या मोठ्या लीगच्या सर्व संघांना १९९३ पासून न्यू एरा ही एकच कंपनी मैदानी टोप्या पुरवते. मागच्या बाजूला लीगचे चिन्ह १९९२ पासून आले. २००७ पासून लोकर जाऊन पॉलिएस्टर आले आणि छपराची खालची बाजू काळी झाली. त्याआधी ती राखाडी, आणि त्याही आधी बहुतेक हिरवी असे. तेव्हा १९९८ च्या सामन्यातली म्हणून पॉलिएस्टरची टोपी कोणी पुढे केली, तर पुढे बोलायचे कारण उरत नाही.

आता डोक्यावर घातल्याची गोष्ट. घाम आतल्या पट्टीवर साठतो, कपाळाजवळ जास्त, मागे कमी, आणि त्याच्या क्षाराच्या पांढऱ्या रेषा उमटतात. ऊन वरून लागते, म्हणून शिवणीच्या घडीत मूळ रंग शाबूत राहतो. नकली करणारे टोपी चहाच्या पाण्यात भिजवतात. मग घडीच्या आतही तोच तपकिरी रंग सापडतो. पण खरा घामही फक्त एवढेच सांगतो की कोणीतरी टोपी घातली. ती कोणी घातली, हे जुना फोटो सांगतो. कापड हाताने बेतलेले असल्याने चिन्ह प्रत्येक टोपीवर शिवणीपासून थोडे वेगळ्या अंतरावर बसते. फोटोतले अंतर आणि हातातले अंतर जुळले तर पुरावा बळकट होतो. अमेरिकेत २००१ पासून लीगचा माणूस सामन्यालाच हजर राहून वस्तूवर नंबरचा स्टिकर लावतो. तो काढला की फाटतो. आपल्याकडच्या जुन्या मालाला अशी सोय नाही, म्हणून कागद आणि फोटो यांवरच भिस्त.

पॉली उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले, आणि त्यांच्या वडिलांचा धंदाही कपड्याचाच होता. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत १९४६ पर्यंत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे संघ उतरत. अशा खेळाडूंच्या घरातल्या ट्रंका आजही उघडतात, आणि आतली टोपी जुन्या कपड्यांसोबत बोहारणीला जाते. घरात अशी वस्तू असेल तर ती धुवू नये, इस्त्री करू नये, सुटलेली शिवण घालू नये. कडुलिंबाचा पाला कागदात गुंडाळून शेजारी ठेवावा. ती कोणी, कोणत्या साली, कोणाला दिली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे, खाली त्यांची सही घ्यावी, आणि फोटो असेल तर सोबत ठेवावा.

विक्री करणाऱ्याने बिलावर जेवढे सिद्ध झाले तेवढेच लिहावे. 'संघाची टोपी, अमुक सालची' हे एक, 'खेळाडूच्या घरातून आलेली' हे दुसरे आणि 'सामन्यात घातलेली' हे तिसरे. दुरुस्ती झाली असेल तर तीही लिहावी. तिन्हींचे दर वेगळे आहेत, आणि घेणारा उद्या ते बिल घेऊनच दुकानात येतो.