होड्यांना प्रतीक्षा घाटघरच्या पावसाची
भंडारदऱ्याचा जलाशय, म्हणजे अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागचा आर्थर लेक, सिंचनासाठी निर्माण झाला. त्यावरील नौकाविहार ही पाहुण्यांची सोय नंतरची असून पाणीवाटपात तिचा क्रम अर्थातच शेवटचा लागतो. सुमारे ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट क्षमतेचा हा साठा उन्हाळी आवर्तनांमुळे, म्हणजे ठरावीक मुदतीने शेतीसाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्यामुळे, उतरत जातो आणि भेगाळलेला गाळ उघडा पडून काठ होड्यांपासून दूर सरकतो. जलाशयाकाठच्या शेंडी गावात नुसते ढग दाटून भागत नाही. घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांतले ओढे भरून वाहू लागले, तरच कोरड्यावर कलंडलेली होडी पुन्हा तरंगते.