मोहफुलाच्या वजनातला फरक मोबाईलवर काढा

तायांनो, चैत्रात पहाटे उठून मोहफूल वेचतो आपण, वाळवतो आपण. मग वजनाचा हिशोबही आपणच ठेवू.

मोबाईलमधल्या एक्सेल शीटमध्ये पहिल्या ओळीत मथळे टाका: 'ए' रकान्यात नाव, 'बी'त गटाच्या काट्यावरचं वजन, 'सी'त व्यापाऱ्याच्या काट्यावरचं, 'डी'त फरक. मग डी२ चौकटीत लिहा: =बी२-सी२. अक्षरं-आकडे इंग्रजीतच टाका. वजनापुढे 'किलो' लिहू नका, नाहीतर सूत्र चालत नाही. गटात ४२ किलो, तिकडे ३९.५ भरलं, तर उत्तर २.५. तेच सूत्र खालच्या चौकटींत भरलं की सगळ्यांचा फरक निघतो.

ओलं फूल वाळून घटतं, म्हणून दोन्ही वजनं एकाच दिवशी घ्या. तरीही सगळ्यांचंच कमी भरलं, तर पैसे घेण्याआधी शीट दाखवा आणि पुन्हा वजन करायला लावा.