मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने लंडनला गेले, तेव्हा प्रवासातच सुमारे दोन आठवडे गेले. आज आपल्या समाजातील मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून त्याच लंडनला विमानाने जातात. पण तिकीट हातात पडले की घरात गोंधळ उडतो. समजा, सप्टेंबरात विमान मुंबईहून दुपारी दीडला सुटते व लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरते. म्हणजे पाचच तास?

नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळे बदलतात, म्हणून हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो. जाताना तो फरक मिळवायचा : पाच अधिक साडेचार, म्हणजे साडेनऊ तास. येताना वजा करायचा. एवढा हिशेब ज्याला जमला त्याला तिकीट कळले.

दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ९०० च्या वेगाने आठ तास व्हायला हवेत. पण चढण्या-उतरण्याला वेळ लागतो आणि वर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो. शिवाय एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने तसे केले होते. तरीही दीक्षाभूमीला जाताना मुंबई-नागपूर रेल्वेला बारा-चौदा तास लागतात, हे आठवले की लंडन तेवढे दूर वाटत नाही!

आता स्वस्त तिकिटाची गोष्ट. दुबईला विमान बदलून गेले तर अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते. खरा वेळ जातो तो थांबण्यात. दोन तासांचा थांबा असला तर ठीक, दहा तासांचा असला तर मुलाला रात्र खुर्चीत काढावी लागते. भाडे पाहण्याआधी तिकिटावरचा 'एकूण प्रवास वेळ' पाहावा. दोन टप्पे एकाच तिकिटात घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि नवे तिकीट आपल्या खिशातून काढावे लागते. ज्यांनी पतपेढीचे कर्ज काढून तयारी केली आहे त्यांना हा फटका परवडणारा नाही. तिकीट व बोर्डिंग पास शिष्यवृत्तीच्या कागदांसोबत जपून ठेवावेत.

साडेसहाला विमान उतरले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पासपोर्टची रांग व सामान यांत तासभर सहज जातो. तेव्हा पोहोचल्याचा फोन साडेबारापर्यंत आला नाही तर माउलीने घाबरू नये.