माळरानाचा खेळ : लिंक्सवरील गोल्फ

वैशाखाच्या उन्हांत पारनेर किंवा कर्जतकडील माळरान ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तेथें कोणी करमणुकीचा खेळ मांडील ही कल्पनाच चमत्कारिक वाटेल. गवत वाळून पिवळें पडलेलें, मुरुमाची जमीन तापून टणक झालेली, आणि तिसऱ्या प्रहरीं सुटणारा वारा धुळीचे लोट उठविणारा. गोल्फ म्हटला कीं डोळ्यांपुढें येतें तें चित्र याच्या अगदीं उलट : दाट हिरवळ, पाण्याचे फवारे, नीटनेटकीं झाडें. हा खेळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी, असा समज त्यामुळेंच रूढ झाला आहे. परंतु खेळाच्या जन्मभूमीकडे पाहिलें तर निराळेंच दिसतें. गोल्फ हा मुळांत माळरानाचाच खेळ आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतें यांच्यामध्यें वाळूच्या उंचवट्यांचे पट्टे आहेत. त्यांना ‘लिंक्स’ म्हणतात. उंचवटा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून हें नांव आलें. ही जमीन नांगराला निरुपयोगी, पण मेंढ्यांना चरावयास पुरेशी. आपल्याकडील गायरानासारखीच तिची गत. वाळूंतून पाणी झटकन् निचरून जातें, म्हणून तेथील गवत बारीक, आंखूड आणि चिवट. वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या बसून बसून जे खळगे पडले, त्यांचेच पुढें ‘बंकर’ झाले, असें परंपरेनें सांगतात. सेंट अँड्र्यूज येथील जुनें मैदान आजहि सार्वजनिक आहे. १७६४ सालीं तेथील २२ टप्प्यांचे १८ करण्यांत आले, आणि पुढें तोच आंकडा जगभर मान्य झाला.

खेळ ऐकावयास सोपा आहे. सुमारें ४६ ग्रॅम वजनाचा चेंडू काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि गोट्यांच्या गलीसारख्या, १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यांत पाडावयाचा. असे १८ खळगे जो कमींत कमी टोल्यांत पुरे करील, तो जिंकला. एडिंबरोजवळील लीथच्या खेळाडूंनीं १७४४ सालीं जे नियम लिहून काढले, ते अवघे १३ होते. चेंडू जेथें जसा पडेल तेथून तसाच मारावा, हें या खेळाचें मुख्य तत्त्व. मित्रमंडळींच्या डावावर पंच नसतो. आपले टोले आपणच प्रामाणिकपणें मोजावयाचे असतात.

जून महिन्यांत स्कॉटलंडमध्यें रात्रीं दहाच्या सुमारासहि उजेड असतो. दिवसाचें काम आटोपून चौघे मित्र अशा वेळीं लिंक्सवर उतरतात. चौघांचें कसब सारखें नसतें; म्हणून कच्च्या खेळाडूस ठराविक टोल्यांची सूट मिळते. तिला ‘हँडिकॅप’ म्हणतात. तिच्यामुळें निष्णात आणि नवशिका यांचा सामना बरोबरीचा होतो. उन्हाळ्यांत जमीन कठीण झाली कीं चेंडू पडल्यावर कितीतरी दूर घरंगळतो. उंच मारलेला चेंडू वारा भलतीकडे नेतो. म्हणून जाणता खेळाडू चेंडू खालून, जमिनीलगत मारतो आणि उताराचा अंदाज घेऊन त्याला घरंगळूं देतो. बळापेक्षां येथें जमिनीची पारख अधिक कामास येते. २०१८ च्या जुलैंत कार्नूस्टी येथें ओपन स्पर्धा झाली, तेव्हां अवर्षणानें तेथील मैदान करपून तपकिरी झालें होतें. तरीहि स्पर्धा यथास्थित पार पडली. तपकिरी गवत हा तेथें दोष मानला गेला नाहीं.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत महाराष्ट्र शासनानें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत नगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालेल्या जिल्ह्यांतील, तालुकेहि होते. तेथें मात्र करपलेल्या गवताचा अर्थ जनावरांचा चारा संपला, असा होता.

गोल्फ हिंदुस्थानांत आला तो १८२९ सालीं कलकत्त्यास आणि १८४२ सालीं मुंबईस. समुद्रकांठच्या वाळूपासून दूर, उद्यानासारख्या जमिनींवर तो गेला आणि ओढून आणलेल्या पाण्यावर हिरवा झाला. तथापि कोरड्या मुलखांत त्याचें दुसरें रूपहि टिकून आहे. जेथें हिरवळ राखतां येत नाहीं, तेथें खळग्याभोंवतीं वाळू पसरून, तिला तेल देऊन ती दाबून सपाट करतात. ‘ग्रीन’च्या जागीं हा ‘ब्राउन’! चेंडू त्यावरूनहि नीट घरंगळतो, आणि त्याला पाण्याचा थेंब लागत नाहीं.

याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून कोणतीं पिकें घ्यावीं तें ठरविण्याचा पायंडा पाडला. जो हिशेब शेताला, तोच खेळाच्या मैदानालाहि लावावयास हवा. जमीन खेळाच्या सोयीसाठीं बदलावी, हा विचार मागाहूनचा आहे. जमीन जशी असेल तसा खेळ खेळावा, हा लिंक्सचा मूळ धडा. नगरच्या माळावर संध्याकाळीं चौघे मित्र काठ्या घेऊन उतरले, तर हिरवळीची वाट पाहण्याचें त्यांना कारण नाहीं. वारा आहे, टणक जमीन आहे आणि पारख करणारी नजर आहे. तेवढ्यावर डाव मांडतां येतो; पाणी माणसांसाठीं आणि जनावरांसाठीं राखून ठेवावें.