काचेवरचा बिनबॅटरीचा टॅग
चाकणला बनून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना १ डिसेंबर २०१७ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. त्यात बॅटरी नसते. असते बारीकशी चिप आणि पातळ अँटेना. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पैसे टॅगमध्ये नसतातच, ते खात्यात. बारकोडसारखी नजरानजर लागत नाही, पण धातू या लहरींचा वैरी! म्हणून टॅग पत्र्यावर नव्हे, काचेवर. कारखान्यातल्या लोखंडी ट्रॉल्यांसाठीचे टॅगही म्हणूनच वेगळ्या बनावटीचे असतात. टॅग हातात धरून दाखवणाऱ्यांना काळ्या यादीत टाकण्याचे महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा तो काचेला आतून नीट चिकटवाच.