हिश्श्याचे घर आणि अपंगांचे भत्ते

घर एक तर स्वतःचे असते, नाही तर भाड्याचे, असे आपण धरून चालतो. इंग्लंडात मात्र या दोहोंच्या मधली एक पद्धत गेल्या चार दशकांहून अधिक काळ रूढ आहे. तिला भागमालकी म्हणता येईल. घेणारा घराचा काही हिस्सा विकत घेतो आणि उरलेल्या हिश्श्याबद्दल गृहनिर्माण संस्थेला दरमहा भाडे देतो. (आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थेशी तिची गल्लत होता कामा नये. या संस्था रहिवाशांच्या मालकीच्या नसतात. त्या बहुधा नफ्याचा हेतू न ठेवता घरे बांधतात आणि ती भाड्याने वा हिश्श्याने देतात.) पूर्वी निदान 25 टक्के हिस्सा घ्यावा लागे. 2021 साली नव्या नमुन्याचा भाडेपट्टा आला आणि ही मर्यादा 10 टक्क्यांपर्यंत खाली आली. पुढे सवडीने हिस्सा वाढविण्याची मुभा असते.

ज्याला आजारामुळे वा अपंगत्वामुळे नोकरी करता येत नाही आणि ज्याचे सारे उत्पन्न सरकारी भत्त्यांचे आहे, अशा माणसालाही या मार्गाने घर घेता येते, हे ऐकून नवल वाटेल. ते कसे शक्य होते हे समजण्यासाठी तेथील भत्त्यांचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला प्रकार अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चाची भरपाई करतो. काम करण्याच्या वयातील प्रौढांसाठी 2013 पासून सुरू झालेला ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ हा भत्ता त्यातला. तो देताना उत्पन्न किंवा शिल्लक विचारली जात नाही. दुसरा प्रकार निर्वाहाचा. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा भत्ता केवळ गरजूंसाठी असल्यामुळे त्यात पै न् पैचा हिशेब होतो. शिल्लक 6,000 पौंडांपर्यंत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. त्यापुढील दर 250 पौंडांमागे महिन्याला 4 पौंड 35 पेन्स इतके उत्पन्न आहे असे मानून तेवढा भत्ता कापतात, आणि शिल्लक 16,000 पौंडांवर गेली की भत्ता बंदच होतो.

समजा, चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या एका स्त्रीला 2,00,000 पौंड किमतीचे घर घ्यावयाचे आहे. तिने 40 टक्के, म्हणजे 80,000 पौंडांचा हिस्सा घेतला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने त्याच्या 5 टक्के रक्कम पदरची मागितली, तर तिला 4,000 पौंड जमवावे लागतील. ही रक्कम मर्यादेच्या आतली आहे. तिने 75 टक्के हिस्सा घेण्याचे मनात आणले आणि संस्थेने 10 टक्के मागितले, तर मात्र 15,000 पौंड साठवावे लागतील. ते साठेपर्यंत तिचा भत्ता महिन्याला 156 पौंडांहून अधिक कमी झालेला असेल. आईवडिलांनी मदत म्हणून दिलेले पैसे तिच्या खात्यात पडून राहिले, तर तेही शिल्लक म्हणूनच धरले जातात. राहत्या घराची किंमत मात्र शिल्लकेत धरत नाहीत. म्हणजे घरासाठी जमविलेला पैसा भत्त्याच्या आड येतो, आणि तोच पैसा विटांत गुंतला की आड येत नाही. या नियमात काटकसरीला फारशी किंमत दिलेली दिसत नाही.

अशा घराचा मासिक खर्च दोन वाटांनी जातो आणि खरी अडचण येथेच आहे. उरलेल्या 60 टक्क्यांची किंमत 1,20,000 पौंड होते. वर्षाला पावणेतीन टक्के दराने त्याचे भाडे महिन्याला 275 पौंड पडेल. हे भाडे युनिव्हर्सल क्रेडिटमधील घरखर्चाच्या भागातून मिळू शकते आणि ते परत करावे लागत नाही. भाड्याच्या सरकारी घरात खोली जास्त असल्यास जी कपात होते, तीही भागमालकाला लागू नाही. कर्जाच्या हप्त्याची गोष्ट निराळी आहे. पूर्वी सरकार कर्जावरील व्याजापुरती मदत भत्ता म्हणून देई. एप्रिल 2018 पासून तीच मदत कर्ज म्हणून दिली जाते. तिचा बोजा घरावर चढतो, त्यावर व्याज चढते, आणि घर विकताना ती फेडावी लागते. शिवाय ती मिळण्याआधी तीन महिने थांबावे लागते, आणि मुद्दल फेडण्यासाठी तिचा काहीच उपयोग नाही.

यातून निघणारा निष्कर्ष नेहमीच्या शहाणपणाच्या उलट आहे. पगारदार माणसाला सल्ला मिळतो, की जमेल तेवढा मोठा हिस्सा घ्या. भत्त्यावर जगणाऱ्याच्या बाबतीत भाड्याचा भाग सरकार उचलते आणि मालकीचा भाग उघड्यावर राहतो. त्याने हिस्सा लहान ठेवणेच बहुधा हिताचे असते.

असे कर्ज देणाऱ्या संस्था फार नाहीत. भत्त्याला उत्पन्न मानण्याची ज्यांची तयारी असते, त्याही मंजुरीचे पत्र बारकाईने वाचतात. कर्ज 25 वर्षांचे असते, तर भत्ता बहुधा काही वर्षांपुरताच मंजूर होतो आणि मग फेरतपासणी होते. माणूस पूर्वीइतकाच अपंग असतो. कागदावर मात्र त्याला ते पुन्हा सिद्ध करावे लागते.

भाडे थकविण्याचा धोका तर कोणीच हलका मानू नये. युनिव्हर्सल क्रेडिटची पहिली रक्कम अर्जानंतर साधारण पाच आठवड्यांनी येते आणि एरवी ती घरमालक संस्थेकडे न जाता रहिवाशाच्या हाती पडते. 1995 साली अर्धा हिस्सा विकत घेतलेल्या एका स्त्रीच्या खटल्यात 2007 साली बर्मिंगहॅम येथे असा निर्णय झाला, की कायद्याच्या दृष्टीने ती भाडेकरूच होय. भाडे थकल्यामुळे घराचा ताबा गेला आणि पैसे मोजून घेतलेल्या हिश्श्यावरचा हक्कही त्याबरोबर संपला. 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्याने 21 वर्षांहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे त्या वर्गातून वगळले आहेत. तरीही भाडे भरण्याची जबाबदारी होती तशीच आहे.

घराची निवड हा आणखी एक प्रश्न. विक्रीला असलेल्या हिश्श्याच्या घरांत पायऱ्या नसलेले, रुंद दारांचे घर क्वचितच सापडते. म्हणून दीर्घकालीन अपंगत्व असणाऱ्यांसाठी ‘होल्ड’ नावाची वेगळी योजना आहे. तीत घेणारा खुल्या बाजारातले सोयीचे घर स्वतः निवडतो आणि गृहनिर्माण संस्था त्याच्याबरोबर ते विकत घेते. हिस्सा 75 टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. ही योजना चालविणाऱ्या संस्था थोड्या असल्यामुळे वाट पाहावी लागते. घर मिळाल्यावर उतरंड, खालच्या मजल्यावरचे न्हाणीघर यांसारखे फेरफार करण्यासाठी स्थानिक प्रशासनाकडून 30,000 पौंडांपर्यंत अनुदान मागता येते. त्यासाठी अर्जदाराची मिळकत तपासली जाते, गृहनिर्माण संस्थेची संमती घ्यावी लागते, आणि अनुदान मंजूर होण्यापूर्वी काम सुरू केल्यास ते बहुधा नाकारले जाते.