नारिंगी दिवा लागलेला मॉनिटर

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातल्या धसईचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी इथे उद्घाटन केलं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. गोरखगडाला निघालेले गिर्यारोहक आणि आसपासच्या वाड्यापाड्यांतून बाजाराला येणारी माणसं सोडली, तर हे गाव तोवर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्रं आली, पण यंत्र अडलं की नेमकं काय अडलंय हे ओळखायचं शिक्षण यंत्राच्या खोक्यातून येत नाही.

ग्रामीण ठाणे जिल्ह्यात आज सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा अशी किती तरी कामं गावातल्या सेवा केंद्राच्या टेबलावरच्या एखाद्या संगणकातून होतात. जून-जुलैत प्रवेशाच्या दाखल्यांसाठी रांग लागते आणि भातलावणीही त्याच दिवसांत असते. केंद्रचालक जेवून येतो, माउस हलवतो, पडदा काळाच. ‘मॉनिटर गेला, उद्या या,’ हे वाक्य ऐकून पाड्यावरून आलेल्या बाईचा रोज बुडतो आणि एसटीचं भाडं वाया जातं. मॉनिटर पिशवीत घालून मुरबाडला, नाही तर कल्याणला नेला जातो. तिथे दुकानदार तो दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि चित्र लगेच येतं. अशा वेळी मॉनिटरला काही झालेलंच नसतं. म्हणून या बिघाडाबद्दलचे गैरसमज दूर करणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यांची किंमत रांगेतली माणसं मोजतात.

‘माउस हलवला तरी मॉनिटर उठत नाही, म्हणजे मॉनिटर खराब’

माउस आणि कीबोर्ड संगणकाला, म्हणजे आपण सगळे ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्याला जोडलेले असतात. माउस हलला की आधी डबा जागा होतो. मग तो केबलमधून चित्राचा सिग्नल पाठवू लागतो. स्लीपमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या झोपेत, मॉनिटरने सगळं बंद ठेवलेलं असतं, फक्त केबलवर लक्ष ठेवणारा एक छोटा भाग चालू असतो. त्याला सिग्नल दिसला की पडद्यामागचा प्रकाश लागतो. मॉनिटर स्वतःहून कधीच उठत नाही.

ही व्यवस्था जुनी आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत वीज वाचवणाऱ्या उपकरणांसाठी एनर्जी स्टार ही खूण सुरू झाली आणि ती पहिल्यांदा मिळाली संगणक आणि मॉनिटर यांनाच. पुढच्याच वर्षी ‘व्हेसा’ या व्हिडिओ-उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने झोपण्या-उठण्याची खूण ठरवून दिली. व्हीजीए केबलमधून ओळींची आणि चौकटीची लय सांभाळणारे दोन सिग्नल जातात. त्यातला एक किंवा दोन्ही थांबले की मॉनिटरने कमी-जास्त खोल झोपेत जायचं आणि ते परत आले की उठायचं. केबल आता एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट झाली, खुणांची पद्धत बदलली, पण क्रम तोच राहिला.

म्हणून मॉनिटरवरचा नारिंगी दिवा वाचायला शिकलं पाहिजे. बहुतेक मॉनिटरमध्ये निळा, पांढरा किंवा हिरवा दिवा म्हणजे चालू आणि नारिंगी म्हणजे स्लीप. काहींत तो लुकलुकतो. वीज पोचते आहे आणि मॉनिटर सिग्नलची वाट बघतो आहे, एवढंच तो सांगतो. तक्रार सुरुवातीला मॉनिटरकडे नाही, त्याच्या आधीच्या टप्प्याकडे शोधायची.

‘लाइट येऊन-जाऊन झाली, तेव्हाच मॉनिटर उडाला’

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून यावर जरा थांबतो.

समजा संगणक स्लीपमध्ये आहे. स्लीपमध्ये उघडं ठेवलेलं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला ते धरून ठेवायला थोडी वीज सतत लागते. तेवढ्यात पाऊस येतो, कुठे तरी फांदी तारेवर पडते आणि लाइट जाते. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असेल, तर डबा पूर्ण बंद पडतो. अर्ध्या तासाने लाइट येते. वीज मिळताच बरेच मॉनिटर आपोआप चालू होतात, सिग्नल शोधतात, ‘नो सिग्नल’ दाखवतात आणि काही क्षणांत झोपून नारिंगी दिवा लावतात. डबा मात्र बहुतेक वेळा स्वतःहून सुरू होत नाही. त्याचं पॉवर बटण दाबावं लागतं.

आता केंद्रचालक खुर्चीत येतो. त्याच्या समोर स्लीपमध्ये असल्यासारखा दिसणारा मॉनिटर आहे. त्याच्या मते संगणकही स्लीपमध्येच आहे, कारण त्यानेच तसा ठेवला होता. माउस हलवून काही होत नाही. डबा टेबलाखाली, त्याचा पंखा फिरतोय की नाही ते बाहेरच्या पावसात ऐकू येत नाही. दोष मॉनिटरवर जातो. खरं तर वाकून डब्यावरचा दिवा बघितला असता आणि बटण एकदा दाबलं असतं, तर रांग पुढे सरकली असती.

याच्याच जोडीचा दुसरा समज, स्लीपमध्ये टाकलेलं काम सुरक्षित असतं, हाही इथे महागात पडतो. विंडोजमध्ये ‘हायब्रिड स्लीप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर झोपताना कामाची एक प्रत डिस्कवरही ठेवली जाते आणि लाइट गेली तरी ती परत मिळते. ती नसेल तर सेव्ह न केलेला अर्ज गेला. ज्या गावात लाइटचा भरवसा नाही तिथे जेवायला उठण्याआधी सेव्ह करावं. दिवस संपल्यावर स्लीपऐवजी शटडाउन करावं, असं माझं ठाम मत आहे.

कमी व्होल्टेजचाही असाच घोटाळा होतो. मॉनिटरच्या मागच्या पट्टीवर किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर बहुधा १००-२४० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी तो तग धरतो. जुन्या, स्वस्त डब्यातल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या भागावर, पुष्कळदा २००-२४० असतं. व्होल्टेज खाली गेलं की डबा आधी माघार घेतो आणि मॉनिटर नारिंगी दिव्यासह बसून राहतो. मॉनिटरसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याआधी हे दोन आकडे वाचा. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते यूपीएसच्या नव्या बॅटरीवर करणं जास्त शहाणपणाचं.

कोण झोपलंय, ते ओळखायच्या दोन चाचण्या

यासाठी अवजार लागत नाही. पहिली चाचणी कॅप्स लॉकची. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा छोटा दिवा बघा. दर दाबाला तो लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे आणि अडचण चित्राच्या वाटेत आहे. दिवा हलतच नसेल, तर संगणक झोपलेला, बंद किंवा अडकलेला आहे.

दुसरी चाचणी मॉनिटरची. त्याची चित्राची केबल मागून काढा, विजेची राहू द्या आणि मॉनिटर त्याच्याच बटणाने बंद करून चालू करा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं काही क्षणभर जरी उमटलं, तरी पडदा, प्रकाश आणि आतला पुरवठा चालतो आहे. हा मॉनिटर मुरबाडला न्यायचं कारण नाही.

संगणक जागा आणि पडदा काळा असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये यामुळे चित्र पाठवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बहुधा एक बीप ऐकू येतो आणि उघडी कामं तशीच राहतात. ही युक्ती केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी आहे. कारण तिच्याऐवजी लोक सर्रास पॉवर बटण दाबून धरतात. ते चारेक सेकंद दाबून धरलं की संगणक जबरदस्तीने बंद होतो आणि अर्धा भरलेला अर्ज जातो. नुसतं एकदा दाबणंही जाग्या संगणकाला शटडाउन करू शकतं. झोपलेल्या संगणकाला मात्र तेच बटण एकदा हलकं दाबणं हा उठवायचा खात्रीचा मार्ग आहे. म्हणून आधी कॅप्स लॉक, मग बटण.

माउसने उठत नाही पण बटणाने उठतो, असं रोज होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड आणि माउसच्या पॉवर मॅनेजमेंटखाली संगणकाला उठवण्याची परवानगी दिलेली आहे का, ते बघा. ती परवानगी नसेल तर माउस कितीही हलवला तरी उपयोग नाही.

‘महागडी केबल घेतली की प्रश्न सुटतो’

एचडीएमआय केबलमधून आकड्यांच्या रूपात सिग्नल जातो. तो नीट पोचला तर पोचला. सोन्याच्या मुलाम्याने टेबलाएवढ्या अंतरावर चित्र सुधारत नाही. केबल नीट बसलेली असणं जास्त महत्त्वाचं. जुन्या व्हीजीए केबलला दोन स्क्रू असायचे, एचडीएमआयला ते नसतात. टेबल झाडताना सरकलं की ती अर्धवट निसटते. तिच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन फक्त ‘मॉनिटर जोडलेला आहे’ एवढंच संगणकाला सांगते. ती सुटली की संगणकाच्या लेखी मॉनिटरच नाही आणि तो त्या वाटेने चित्र पाठवत नाही.

काही मॉनिटर डीप स्लीपमध्ये जाताना ‘मॉनिटर जोडलेला आहे’ ही खूणही बंद करतात. वायरी ठीक असून रोज हाच त्रास होत असेल तर मॉनिटरच्या मेनूत ‘डीप स्लीप’ शोधून बंद करा. त्याच मेनूत ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ असतो. तो ऑटोवर असला की जागा झालेला मॉनिटर आधी रिकाम्या व्हीजीएकडे बघत बसतो, संगणकाला उशीर झाला की पुन्हा झोपतो. जी केबल लावली आहे तोच सोर्स हाताने निवडून ठेवावा.

नव्या डब्याला जुना व्हीजीए मॉनिटर जोडण्यासाठी लावलेला छोटा कन्व्हर्टर हा आणखी एक संशयित. तो संगणकाच्या एचडीएमआयमधून मिळणाऱ्या पाच व्होल्टवर चालतो. संगणक झोपला की हा पुरवठा तुटू शकतो आणि उठल्यावर कन्व्हर्टर नीट सुरू होत नाही. तो काढून पुन्हा लावल्यावर चित्र येत असेल तर दोषी सापडला.

आणि एक उपाय अगदी साधा आहे. मॉनिटरचा प्लग बोर्डातून काढून मिनिटभर थांबा आणि परत लावा. मॉनिटरच्या आतही छोटा नियंत्रक असतो, तो कधी अडकतो. समोरच्या बटणाने त्याची वीज पूर्ण तुटत नाही, प्लग काढल्याने तुटते.

‘मग स्लीप बंदच करून टाकू’

बरेच जण शेवटी हेच करतात, आणि वर स्क्रीनसेव्हर लावतात. स्क्रीनसेव्हर जुन्या, खोक्यासारख्या मॉनिटरसाठी होता. त्यात एकच चित्र तासन्‌तास राहिलं की काचेमागच्या थरावर त्याचा डाग पडायचा. आजच्या एलसीडी पडद्याला त्याची तशी गरज नाही आणि स्क्रीनसेव्हर चालू असताना मागचा प्रकाश पूर्ण जळतो. हिशेब सोपा आहे. २० वॅटचा मॉनिटर केंद्र बंद असतानाचे चौदा तास रोज चालू राहिला, तर वर्षाला १०० युनिटच्या वर जातात. युरोपात २०१३ पासून स्टँडबायची मर्यादा अर्धा वॅट आहे. तेवढाच वापर धरला तर अख्खं वर्ष झोपून राहिलेला मॉनिटर साडेचार युनिटही खात नाही.

विजांच्या काळात मात्र स्लीप पुरत नाही आणि समोरचं बटणही पुरत नाही. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागण्याआधीच प्लग बोर्डातून काढावा, सोबत इंटरनेटची तांब्याची वायरही. विजेचा झटका त्या वाटेनेही आत येतो आणि मग मॉनिटर खरोखरच जातो.

खरा बिघाड कसा दिसतो? संगणक जागा आहे, मॉनिटरचा दिवा निळा किंवा हिरवा आहे, तरी पडदा काळा. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अक्षरं अंधुक दिसली तर मागचा प्रकाश गेला आहे. संगणक जागा असूनही दिवा सारखा लुकलुकत असेल, बटण पुन्हा पुन्हा दाबल्यावर कधी तरी चित्र येत असेल आणि मॉनिटर बरीच वर्षं वापरलेला असेल, तर आतल्या पुरवठ्यातले कपॅसिटर फुगल्याचा संशय घ्यावा. ते बदलून मिळतात, नवा मॉनिटर लागेलच असं नाही. मात्र मागचं कव्हर स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही पुरवठ्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका भार राहू शकतो. दुरुस्तीवाल्याला निघण्याआधी फोनवर चार गोष्टी सांगा: दिव्याचा रंग, कॅप्स लॉकचं उत्तर, केबल काढल्यावर ‘नो सिग्नल’ आलं की नाही, आणि टॉर्चमध्ये काय दिसलं. यावरून कोणता सुटा भाग सोबत घ्यायचा याचा अंदाज त्याला तिथेच येतो.